लोकलमध्ये उचललेले पेशंट

बीपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, पहिली दोन-अडीच वर्षं आम्ही एकमेकींवरच हात साफ करत होतो. प्रॅक्टिकल लॅबमध्ये प्लिंथ, म्हणजे पेशंटला झोपवायचे उंच बाक, मोजके आणि आम्ही भरपूर. एका प्लिंथभोवती सात-आठ जणी. एक झोपणार, एक करणार, उरलेल्या माना उंचावून बघणार. मॅडमचा डेमो संपला की प्रत्येकीला हात लावायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात पुढच्या लेक्चरची घाई. त्यात मॉडेल म्हणून झोपलेली मैत्रीण विशीतली, धडधाकट, जिचा एकही सांधा कुठे अडत नाही. विषय हाताने शिकायचा आणि हाताला काम नाही, अशी सगळी गंमत.

न्यूरोच्या मॅडमनी एकदा ट्रान्सफरचा डेमो झाल्यावर आम्हाला उभ्या जागी डोळे मिटायला सांगितलं. "आता पॅरालिसिसच्या पेशंटला बेडवरून व्हीलचेअरवर घ्या. मनातल्या मनात. झालं की हात वर." पाच-सहा सेकंदांत सगळे हात वर. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "मला मघाशी दोन मिनिटं लागली. तुमचे पेशंट उडत गेले वाटतं?"

मग त्यांनी फ्रान्समधला एक प्रयोग सांगितला. १९८९ मध्ये मार्क जानरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना काही मीटरवरचं एक ठिकाण दाखवलं. एकदा डोळे बांधून तिथवर खरंच चालायला लावलं आणि एकदा नुसतं मनात. दोन्ही चालण्यांना लागलेला वेळ जवळजवळ सारखा निघाला. मनातली हालचाल खरोखर 'केली' असेल तर तीसुद्धा वेळ खाते. आमचा पेशंट पाच सेकंदांत खुर्चीत बसला, याचा अर्थ आम्ही सुरुवातीचा फोटो पाहिला, शेवटचा पाहिला आणि मधलं सगळं गाळलं. "रोज दहा मिनिटं करून बघा," एवढं म्हणून मॅडम पुढच्या विषयाकडे वळल्या. बाकीच्यांनी ते तिथेच सोडलं. मी सोडलं नाही, कारण माझ्याकडे घरी सरावाला मॉडेल नव्हतं, पण मध्य रेल्वे होती.

डोंबिवलीहून जाऊन-येऊन रोजचे दोन-अडीच तास लोकलमध्ये. चौथी सीट जरी मिळाली तरी मला झोप लागायची, म्हणून सराव उभ्यानेच. त्याचा फायदा नंतर कळला. ट्रान्सफर उभ्याने करायचं असतं, तर मनातही ते उभं राहूनच करावं. अंथरुणात पडून, छताकडे बघत केलेला सराव फिका होतो. होम्स आणि कॉलिन्स या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी २००१ मध्ये खेळाडूंसाठी 'पेटलेप' नावाची सात कलमांची चौकट मांडली, त्यातलं पहिलंच कलम हे: शरीर प्रत्यक्ष कामाच्या स्थितीत ठेवा. पुढची कलमं परिसर, काम, वेळ, शिकण्यातली प्रगती, भावना आणि कुणाच्या डोळ्यांनी बघायचं ही. चौकट खेळाडूंची असली तरी व्हीलचेअरलाही व्यवस्थित लागू पडते.

तर एका हाताने वरची कडी धरून, दुसरा हात मोकळा ठेवून मी सुरुवात करायचे. व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या बाजूला, बेडशी तिरपी, साधारण ३० ते ४५ अंशांत. दोन्ही ब्रेक लावले, खुर्ची हलवून खात्री केली. फूटरेस्ट बाजूला. माझे मनातले पेशंट, काका, बेडच्या कडेला, दोन्ही पावलं जमिनीवर, टाचा गुडघ्यांच्या जराशा मागे. लुळा हात लोंबकळत नाही ना? तो ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. त्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. माझे हात कमरेच्या बेल्टवर. माझा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवलेला, म्हणजे तो मधेच दगा देणार नाही. "काका, पुढे वाका. आणखी. नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे. मी तीन म्हटलं की उठायचं. एक, दोन..."

आणि फिल्म तुटायची, नेमकी त्याच जागी. काका उठायचे ते थेट खुर्चीत दिसायचे. मधे मी वळले कशी? माझा दुसरा पाय कुठे होता? पुन्हा मागे जाऊन बघायचे, पुन्हा तेच. तो पाय सापडणारच नव्हता, कारण डेमोच्या वेळी आम्ही सगळ्या मॅडमच्या हातांकडे टक लावून बसलो होतो. पायांकडे कोण बघतंय?

पुढच्या प्रॅक्टिकलला मी हात सोडून फक्त पाय बघितले. मॅडमचा एक पाय पेशंटच्या पावलाशी आणि दुसरा आधीच खुर्चीच्या दिशेने वळवून ठेवलेला. उठताना वजन त्या दुसऱ्या पायावर सरकतं, त्यामुळे सगळं अंग एकत्र वळतं आणि कंबर पिळली जात नाही. पुस्तकात हे लिहिलेलं होतंच. मी ते अधोरेखितही केलेलं होतं.

या पद्धतीतलं मला सगळ्यात जास्त पटलेलं आहे ते हेच. मनात सराव केल्याने कौशल्य किती टक्के येतं यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा. आपल्याला नेमकं काय येत नाही, हे मात्र त्यातून स्वच्छ दिसतं. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. डेमो बघताना तर हमखास वाटतं. मनात करायला गेलं की जे ठाऊक नाही तिथे चित्रच उमटत नाही. मग त्या एका जागेसाठी लॅबमधली आपली दोन-तीन मिनिटं राखून ठेवायची. बाकीच्या जणी आख्खी क्रिया एकदा घाईघाईने उरकायच्या, मी फक्त तो मधला तुकडा पुन्हा पुन्हा मागायचे. "तुझं काय चाललंय तरी काय?" असं मैत्रिणी विचारायच्या.

लोकलमध्ये हे करताना मोकळ्या हाताची बोटं आपोआप हलायची. ते दाबू नये असं मला वाटतं. एडमंड जेकबसन यांना १९३०च्या सुमारास शिकागोत, हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी दंडाच्या स्नायूत सूक्ष्म विद्युत हालचाल होताना दिसली होती. आमच्या लेडीज डब्यातल्या एका काकूंना ती तपासायला कुठलं यंत्र लागलं नाही. "काय गं, हाताला मुंग्या आल्यात का?" मी सांगितलं की फिजिओचं शिकते आणि सराव करतेय. ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत मला त्यांच्या उजव्या खांद्याचा समग्र इतिहास ऐकायला मिळाला.

तिसऱ्या वर्षी गाडी अडली ती लॅकमन टेस्टवर. गुडघ्यातलं पुढचं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा बंध, फाटलंय का हे बघायची ही चाचणी. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडीचं हाड स्थिर धरायचं आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर ओढ एकदम थांबते, हाताला ठाम अटकाव कळतो. फाटलेलं असेल तर हाड पुढे सरकत जातं आणि शेवट मऊ, गुळगुळीत लागतो. पुस्तकातला फोटो कुठल्या तरी आडदांड साहेबांचा आहे, ज्यांच्या पंजात मांडी आरामात मावते. माझा पंजा लहान. मनात मी कितीही वेळा केलं तरी मांडी हातातून निसटायची, आणि त्यात मनाचं काही चुकत नव्हतं, कारण ती प्रत्यक्षातही निसटलीच असती. ऑर्थोच्या सरांनी मग दुसरी तऱ्हा दाखवली: आपला गुडघा प्लिंथवर टेकवून पेशंटची मांडी आपल्या मांडीवर घ्यायची आणि वरून हाताने दाबून धरायची. ही तऱ्हा मनात पहिल्या दिवसापासून बसली.

पण खरा फरक पडला तो मॉडेल म्हणून झोपल्यावर. आम्ही मॉडेल व्हायला नाखूष असायचो, ती आराम करायची वेळ समजायचो. एका मैत्रिणीने बोटांच्या टोकांनी माझी नडगी घट्ट पकडली तेव्हा माझ्या मांडीचे मागचे स्नायू आपसूक आवळले गेले. ते आवळले की नडगी पुढे सरकतच नाही. लिगामेंट फाटलेलं असलं तरी चाचणी 'नॉर्मल' येते. दुसरीने तळवा पूर्ण टेकवून, आधी थोडा वेळ पायाचं वजन नुसतं पेलून धरलं आणि माझा पाय तिच्या हातात सैल पडला. तेव्हापासून मनातल्या सरावात मी दोन्हीकडून करायला लागले, एकदा करणारीच्या हातांनी आणि एकदा झोपलेलीच्या गुडघ्याने. पेशंटच्या बाजूने केलेला सराव कुठल्या पुस्तकात सांगितलेला माझ्या वाचनात नाही. माझ्या मते फिजिओच्या विद्यार्थ्याने तोच आधी करावा.

एवढं असूनही त्या मऊ शेवटाचं काय? तो मनात आणताच येत नव्हता. मला ठाम शेवट कल्पनेत जाणवायचा, कारण मैत्रिणींचे गुडघे शाबूत होते आणि तो हाताने चाखलेला होता. फाटलेल्या लिगामेंटचा शेवट मी खऱ्या पेशंटवर, सरांच्या हाताखाली, पहिल्यांदा अनुभवला, आणि त्या संध्याकाळी गाडीत तो हातात पुन्हा पुन्हा आला. ही या पद्धतीची कुंपणभिंत आहे. हाताला जे एकदाही ठाऊक झालेलं नाही ते मन पुरवू शकत नाही.

मेटलंडच्या मोबिलायझेशनला हेच दुसऱ्या अंगाने दिसलं. जेफ्री मेटलंड हे ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट. सांध्याला हलके झोके देण्याच्या त्यांच्या पद्धतीत चार मुख्य ग्रेड. पहिल्या ग्रेडमध्ये हालचालीच्या सुरुवातीला लहान झोके, दुसरीत मोठे पण अडथळ्याच्या अलीकडे, तिसरीत मोठे आणि अडथळ्यापर्यंत, चौथीत लहान आणि अडथळ्यावर. यातला अडथळा ज्याने अनुभवला नाही त्याने मनात तिसरी-चौथी करणं म्हणजे नुसता अभिनय. लय मात्र मनात शिकता येते. झोके सेकंदाला साधारण दोन-तीन. मोबाईलवर मेट्रोनोम १२० वर लावला की सेकंदाला दोन ठोके पडतात. इयरफोन कानात, अंगठे मनातल्या मनात कुणाच्या तरी पाठीच्या मणक्यावर, आणि कुर्ल्याला चढणाऱ्या बायकांचे कोपर खऱ्या मणक्यावर.

आयसीयू पोस्टिंगच्या आधी मी सर्वांत जास्त सराव केला तो सक्शनचा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या नळीतून कफ ओढून काढायचा. आधी जास्तीचा ऑक्सिजन द्यायचा, निर्जंतुक हातमोजा घातलेल्या हाताचा दुसऱ्या कशालाही स्पर्श होऊ द्यायचा नाही, कॅथेटर आत सरकवताना सक्शन बंद, बाहेर काढतानाच सुरू, आणि सगळं १० ते १५ सेकंदांच्या आत. एका सीनिअरने सांगितलेली जुनी युक्ती अशी की कॅथेटर आत जाताना आपण स्वतःचा श्वास रोखायचा. आपल्याला गुदमरल्यासारखं व्हायला लागलं की पेशंटला कधीचंच झालेलं असतं. मी गाडीतही श्वास रोखूनच करायचे. निर्जंतुक हात कुठला आणि बाकी कामाचा कुठला, याचा घोळ मनातच इतका निस्तरून झाला की पहिल्या दिवशी सिस्टर बाजूला उभ्या असताना हात आपापल्या कामाला लागले. मॉनिटर मात्र मी सरावात धरलाच नव्हता. ऑक्सिजनचा आकडा खाली यायला लागल्यावर तो जो आवाज करतो, तो त्या रात्रीपासून सरावात घातला.

वॉर्डात असं बरंच काही घालावं लागलं. लॅबमधलं ट्रान्सफर आणि मुंबईतल्या सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डातलं ट्रान्सफर या दोन वेगळ्या गोष्टी. बेडची उंची बदलता येत नाही. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, कुणी आधी काढून खुर्चीला लावायची? सलाईनचा स्टँड कुठल्या बाजूला सरकवायचा? दोन खाटांमध्ये खुर्ची तिरपी लावायला जागाच नसते. शेजारी पेशंटचा मुलगा मदतीला टपलेला, आणि त्याची मदत म्हणजे वडिलांचा तोच लुळा हात धरून ओढणं. "दादा, तुम्ही हाताला नका धरू, खुर्ची पकडून उभे राहा," हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हणून ठेवलं की आता ते चढ्या आवाजाशिवाय निघतं. काही पेशंट असे की चांगल्या हाताने स्वतःला लुळ्या बाजूकडेच ढकलतात आणि सरळ करायला गेलं की अधिक जोर लावतात. त्यांच्यासाठी आख्खी तालीम नव्याने बसवावी लागली. मनातल्या माझ्या काकांचं वजन पहिल्या वर्षभरात किती वाढलं याला गणती नाही.

हे सगळं मनाचे खेळ आहेत का, असं मला घरून विचारलं गेलंय. पुराव्यात सगळ्यात गाजलेलं काम अल्वारो पास्कुआल-लिओन आणि सहकाऱ्यांचं, १९९५ मधलं. पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांची एक साधी रचना शिकवली. एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास, प्रत्यक्ष वाजवलं. दुसऱ्याने तेवढाच वेळ पियानोसमोर बसून नुसतं मनात. मेंदूत बोटं हलवणाऱ्या भागाचा पसारा दोन्ही गटांत वाढला. वाजवण्यात मनातला गट पाचव्या दिवशी तिथे होता जिथे वाजवणारे तिसऱ्या दिवशीच पोचले होते. पण नंतर फक्त दोन तास प्रत्यक्ष वाजवायला मिळताच त्याने वाजवणाऱ्यांच्या पाचव्या दिवसाचा दर्जा गाठला. लॅबमधल्या माझ्या दोन-तीन मिनिटांचं मोल का वाढायचं, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही. ड्रिस्केल, कॉपर आणि मोरन यांनी १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा मनातला सराव उपयोगी ठरला, प्रत्यक्षाहून कमी उपयोगी ठरला, त्याचा परिणाम दिवसांगणिक ओसरताना दिसला आणि एका बैठकीला सुमारे २० मिनिटं पुरेशी वाटली. डोंबिवली ते ठाणे, साधारण तेवढीच.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. लाँग केसला, म्हणजे एक पेशंट पूर्ण तपासून मांडायच्या परीक्षेला, बाहेरचे परीक्षक मधेच थांबवून "असं का केलंत?" विचारतात, म्हणून शेवटच्या महिन्यात मी मनातल्या तालमीतही एक खडूस परीक्षक उभा केला. प्रत्यक्षातले परीक्षक त्याच्यापेक्षा बरेच मवाळ निघाले.

इंटर्नशिपमध्ये ही पद्धत पेशंटवर वापरताना तिची गुंतागुंत खरी कळली. पक्षाघातानंतर जो हात अजून उचलत नाही, तो उचलल्याची कल्पना करायला सांगणं हा आता रोजच्या उपचाराचा भाग आहे, प्रत्यक्ष व्यायामाच्या जोडीला. पण "कल्पना करा" म्हटल्यावर समोरचा माणूस आत काय करतोय हे आपल्याला दिसत नाही. कॅनडातल्या फ्रान्सिन मालुआं आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली दिली. आधी हालचाल जमेल तेवढी खरंच करायची, मग मनात करायची, मग चित्र किती स्पष्ट होतं आणि अंगात किती जाणवलं, हे दोन्ही वेगवेगळे एक ते पाचमध्ये सांगायचं. एका आजींना चित्राला पाच आणि जाणिवेला एक. त्यांना हात दिसत होता, स्वतःचा वाटत नव्हता. त्यांच्या चांगल्या हातात भाकरीच्या पिठाचा गोळा दिला, तो मळायला लावला आणि लगेच दुसऱ्या हाताने मनात मळायला सांगितला, तेव्हा एकाचे दोन झाले. "पीठ सैल झालंय गं," असं म्हणाल्या.

आमच्यातल्या एकीला मात्र चित्रच दिसत नाही. डोळे मिटले की काळोख, घरच्यांचे चेहरेसुद्धा नाहीत. असे लोक असतात, आणि ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये त्याला 'अफँटेशिया' असं नाव दिलं, हे तिला चौथ्या वर्षी समजलं. तोवर बाकीच्या जणी 'दिसतं' म्हणतात ते बोलायची पद्धत म्हणून, असंच ती धरून चालली होती. तिने माझं बघून तालीम सुरू केली होती ती शब्दांत. 'ब्रेक. फूटरेस्ट. पाय मागे. गुडघा टेकव. नाक पुढे. वळायचा पाय आधी.' हळू आवाजात, ओठांतल्या ओठांत, जप केल्यासारखं. मला ते घोकंपट्टीचं वाटायचं. तिची लाँग केस माझ्यापेक्षा चांगली झाली. आता आम्ही दोघी एकाच ठिकाणी काम करतो आणि तिथे शिकाऊ मुलंमुली येतात. मी करून दाखवते तेव्हा गप्प असते, सगळं माझ्या डोक्यात चाललेलं असतं. ती प्रत्येक पायरी बोलत करते. शिकायला सगळे तिच्याकडेच जातात.